सातवा बीम कपाळाशी अडतो

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा आला तेव्हा पाऊस चालू होता. आमच्या जिमच्या शेडच्या पत्र्यावर एवढा आवाज होता की त्याचं पहिलं वाक्य मला दोनदा विचारावं लागलं. "सर, बीम वाढवायचेत."

वय १९, वजन ६१ किलो. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचा धाकटा मुलगा, नाशिकमध्ये म्हसरूळला चुलतभावाच्या खोलीवर राहणारा. अग्निवीरची लेखी परीक्षा पास झालेला आणि मैदानी चाचणीला साधारण १२ आठवडे उरलेले. सोळाशे मीटरची त्याला काळजी नव्हती, पळायला तो हरणासारखा. अडचण बीमची होती.

भरतीची पोरं पुलअपला बीमच म्हणतात. त्याचे गुण असे: ६ बीमला १६, ७ ला २१, ८ ला २७, ९ ला ३३ आणि १० ला ४०. सहाच्या खाली बाद. म्हणजे सहावरच थांबलेल्या मुलाला अजून चार बीम २४ गुण देतात, आणि यादीत नाव लागणं न लागणं त्याहून कमी गुणांवर ठरतं. हात पूर्ण सरळ करून लटकायचं, झटका न देता हनुवटी बारच्या वर न्यायची, पुन्हा हात सरळ.

चार महिने तो सकाळ-संध्याकाळ एका उद्यानातल्या बारवर हात सुटेपर्यंत बीम मारत होता. पहिल्या महिन्यात तिनाचे सहा झाले आणि नंतर सहाच राहिले. "रोज सहाच होतात सर, सातवा वर जातच नाही." मी त्याला सहा करायला लावले. सातव्याला तो वर गेला, थरथरला, खाली आला. मी लांबून पाहिलं आणि मनात नोंद केली: वरच्या टोकाला ताकद कमी.

ही नोंद चुकीची होती. त्या चुकीपायी चार आठवडे गेले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

धरून ठेवण्याचा उपाय का सुचला

रोज दमेपर्यंत बीम मारून त्याचे हात कायम थकलेले असत. ताकद वाढायची तर जोर जास्त आणि फेऱ्या कमी हव्या होत्या. वजन लटकवून बीम मारण्याइतकी त्याची तयारी नव्हती. म्हणून आयसोमेट्रिक, म्हणजे सांधा न हलवता जोर लावायचा व्यायाम.

आयसोमेट्रिकमध्ये स्नायूची लांबी बदलत नाही असं आपण सरधोपट सांगतो. बाहेरून पाहिलं तर खरंच कोपर तिथल्या तिथे असतो. आत मात्र स्नायूचे तंतू थोडे आखूड होतात आणि तेवढाच टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, ताणला जातो. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने काम शून्य, कारण वजन हललंच नाही. पण स्नायूला तो हिशेब मान्य नाही, तो ऊर्जा जाळतच राहतो. भिंतीला टेकून अदृश्य खुर्चीवर मिनिटभर बसून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

याचा फायदा असा, की वजन वर उचलताना स्नायू जेवढा जोर लावू शकतो त्यापेक्षा एका जागी थांबून तो जास्त लावतो, आणि वजन सोडत खाली आणताना त्याहूनही जास्त पेलतो. म्हणून ज्याला सातवा बीम मारता येत नाही त्यालाही तीच उंची काही सेकंद धरता येते.

या विषयात फुगवून सांगायची परंपरा जुनी आहे. १९५३ साली जर्मनीत डॉर्टमुंडच्या माक्स प्लांक संस्थेतल्या हेटिंगर आणि म्युलर यांनी मांडलं की कमाल ताकदीच्या दोनतृतीयांश जोर दिवसातून एकदाच ६ सेकंद लावला तर ताकद आठवड्याला ५ टक्के वाढते. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा ताकद वाढली, पण त्या वेगाने नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या यॉर्क बार्बेल या वजनांच्या कंपनीच्या बॉब हॉफमनने आयसोमेट्रिकचे रॅक, म्हणजे न हलणाऱ्या बारविरुद्ध जोर लावायच्या चौकटी, जोरात विकले. ज्या वेटलिफ्टरांची प्रगती दाखवून ते विकले गेले ते त्याच काळात डायनाबोल नावाची स्टेरॉइडची गोळीही घेत होते, हे नंतर बाहेर आलं. मोबाईलवर "फक्त १० सेकंद धरा" म्हणणारी रील दिसली की मला तो रॅक आठवतो.

पहिले चार आठवडे

रोजचे बीम बंद केले. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी तीनचे पाच सेट, मध्ये भरपूर विश्रांती. त्यानंतर बाकावरून उडी मारून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि तिथेच धरून ठेवायचं. असं चार वेळा.

पहिल्या दिवशी ८ सेकंद धरलं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ३१ सेकंद. पोरगा खूश, मीही खूश. बाजूला बेंच मारणारे लोक थांबून सेकंद मोजायचे. मग आम्ही बीमची चाचणी घेतली.

सात.

एक वाढला हे खरं, पण तो रोजचा थकवा गेल्यामुळे वाढला असावा. वर धरायची वेळ जवळपास चौपट होऊन आठवा बीम हलेना, म्हणजे कुठेतरी माझंच चुकत होतं. त्याच्या चुलतभावाने चाचणीचा व्हिडिओ बाजूने घेतला होता. तो मी घरी जेवताना चार वेळा सावकाश लावून पाहिला. आठवा बीम हनुवटीशी अडतच नव्हता. कपाळ बारच्या पातळीला आलं की तो थांबायचा. कोपर जवळपास काटकोनात, दंड जमिनीला समांतर. पहिल्या दिवशीचा सातवाही तिथेच अडला असणार. मी लांबून "वर गेला, पडला" एवढंच पाहिलं होतं.

आयसोमेट्रिकबद्दल जी गोष्ट मला पाठ होती तीच मी वापरली नव्हती. ज्या कोनात तुम्ही जोर लावता त्या कोनाच्या आसपासच ताकद मुख्यतः वाढते, दोन्ही बाजूंना साधारण २० ते ३० अंशांपर्यंत. हनुवटी वर असताना कोपराचा कोन सुमारे ४५ अंश. तो अडत होता ९५ च्या आसपास. मधलं अंतर ५० अंशांचं. मी चार आठवडे त्याला अशा जागी मजबूत केलं जिथे तो पोहोचतच नव्हता.

कपाळाशीच का अडतो, हेही समजण्यासारखं आहे. त्या उंचीवर हाताचा पुढचा भाग सरळ उभा असतो आणि दंड आडवा. अंगाचं वजन खांद्याशी लोंबतं, पकड मात्र बरोबर कोपराच्या वर. म्हणजे खांद्याच्या सांध्याला सगळ्या दंडाच्या लांबीची तरफ पेलावी लागते. त्याच्या खाली आणि वर ती तरफ आखूड होते. विहिरीवरचा रहाट ओढलेल्या माणसाला हे सूत्राशिवाय कळतं.

छाटणीचे आठ दिवस

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात घरून फोन आला. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली होती, मजूर मिळत नव्हते. तो आठ दिवस गेला. द्राक्षाच्या मांडवाखाली हात डोक्याच्या वर धरून दिवसभर कात्री चालवायची आणि मागून काड्यांना पेस्ट लावत जायचं. हेही खांद्याचं आयसोमेट्रिकच, फक्त जोर कमी आणि वेळ बेसुमार. अशा कामाने हात टिकाऊ होतो, पण बीमला लागणारा जोर त्याने वाढत नाही. परत आला तेव्हा मान आखडलेली, खांदे वर चढलेले, बीम पुन्हा सहा. "सुट्टी नाही घेतली सर, कामच केलं," हे त्याने सफाई दिल्यासारखं सांगितलं. मी काय बोलणार? चार-पाच दिवस हलकं ठेवलं.

तो गावी असताना मला एक सुचलं होतं. आमच्या शेडपासून मार्केट यार्ड जवळ आहे. तिथल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे टांगता इलेक्ट्रॉनिक काटा होता, गोणी अडकवून वजन करतात तो. त्यावर 'होल्ड'चं बटण असतं, आकडा नाचला तरी कमाल वजन पकडून ठेवतं. "पोरगं तोलायचंय का?" त्याने विचारलं. साधारण तेच करायचं होतं.

जमिनीत फाउंडेशन बोल्ट होता. त्याला काटा, काट्याला साखळी, साखळी मुलाच्या कमरेच्या पट्ट्याला. साखळीची कडी कमीजास्त करून ठरलेल्या कोनात कमर जखडायची, कोन सुताराच्या काटकोन्याने आणि मोबाईलने तपासायचा. मग बार धरून लटकायचं आणि वर जायचा पूर्ण प्रयत्न करायचा. साखळी जाऊ देत नाही. काट्यावर येतो तो अंगाच्या वजनापेक्षा वरचा जोर. प्रत्येक कोनात तीन प्रयत्न, मधला आकडा धरायचा. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, साखळी ढिली असली तर दोन किलोचा फरक सहज पडतो. पण तीन कोनांची आपसात तुलना करायला एवढं पुरतं.

हात जवळपास सरळ, कोपर १५० अंशांत: ३१ किलो जास्तीचे. हनुवटी वर, ४५ अंशांत: १९ किलो. मध्ये, ९५ अंशांत: ११ किलो.

६१ किलोचा मुलगा मधल्या कोनात ७२ किलोचा जोर लावत होता. म्हणजे प्रत्येक बीमला त्या जागी त्याची ८५ टक्के ताकद खर्च व्हायची. कमाल ताकदीच्या ८५ टक्के वजन कुणीही सहाच्या आसपासच वेळा उचलतो. चार महिन्यांचं कोडं या एका आकड्यात होतं, आणि काटा पहिल्याच दिवशी आणायला काही हरकत नव्हती.

साखळी

पुढचे पाच आठवडे काटा बाजूला ठेवला आणि साखळी तशीच राहू दिली. कोन मात्र ९५ नाही, १०५ अंशांच्या आसपास घेतला, म्हणजे अडतो त्याच्या थोडा खाली. स्नायू लांबलेला असताना केलेल्या आयसोमेट्रिकचा फायदा जास्त पट्ट्यात पसरतो, आखडलेल्या स्थितीतल्याचा कमी. शिवाय अडणाऱ्या जागी पोहोचायच्या आधीच वेग हवा होता.

आणखी एक बदल मला कोनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आधी तो वर जाऊन नुसता लोंबत होता, म्हणजे फक्त अंगाचं वजन पेलत होता. आता न हलणाऱ्या साखळीविरुद्ध वर ओढायचं होतं. पहिल्या प्रकारात वजन ठरलेलं असतं आणि वेळ वाढते. दुसऱ्यात वेळ ठरलेली असते, जोर तुम्ही लावाल तेवढा. टिकाऊपणा हवा असेल तर पहिला ठीक. ३१ सेकंद धरणाऱ्याला टिकाऊपणाची कमतरता नव्हती.

पाच सेकंद पूर्ण जोर, दोन मिनिटं विश्रांती, असे पाच प्रयत्न. जोर एका झटक्यात नाही, पहिल्या सेकंदात चढवत न्यायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्याच्या आधी तीन-तीनचे पाच सेट बीम, ताजे असताना. एकूण अर्ध्या तासाचं काम. त्याला ते फारच कमी वाटलं. "घाम पण येत नाही सर." घाम यायला सोळाशे आहे, म्हटलं.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या प्रयत्नानंतर बार सोडला आणि तो खाली बसला, डोळ्यांपुढे अंधारी. पाचही सेकंद श्वास कोंडून धरला होता. जोर लावून श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो, रक्तदाब चढतो आणि सोडल्याबरोबर एकदम पडतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी व्यायाम करणाऱ्यांच्या धमनीत नळी घालून मोजलं होतं. दोन्ही पायांच्या जड लेगप्रेसमध्ये, म्हणजे पायांनी वजन ढकलताना, सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला, तोही तरुण, धडधाकट माणसांत. त्या दिवसापासून नियम केला: आकडे मोठ्याने मोजायचे. मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. शेडमधले लोक हसले. हसू दे.

त्याच सुमारास एका संध्याकाळी त्याचे वडील टेम्पोबरोबर नाशिकला आले होते, तेव्हा शेडवर डोकावले. मुलाला साखळीने जखडलेलं पाहून आधी काळजीत पडले, मग रस वाटला. "सर, मला बीपीची गोळी चालू आहे. मी असलं काही केलं तर?" असलं म्हणजे साखळी ओढणं, तर अजिबात नाही, असं मी सांगितलं. पण दुसऱ्या टोकाचं, हलक्या जोराचं आयसोमेट्रिक बीपीसाठी खरोखर अभ्यासलं गेलंय. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्या एकत्र करून मांडणी झाली. सगळ्या व्यायामप्रकारांत आयसोमेट्रिकने विश्रांतीचा रक्तदाब सर्वांत जास्त उतरला, सरासरी वरचा ८ आणि खालचा ४ अंक, आणि त्यातही भिंतीला टेकून बसणं पुढे होतं. नेहमीची पद्धत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची, आठवड्यातून तीनदा. पाच सेकंद जीव तोडून ओढण्याशी तिचं नावापुरतंच नातं. "आधी डॉक्टरांना विचारा, गोळी बंद करू नका, आणि गुडघे फार वाकवू नका," एवढं म्हणून मी थांबलो. पुढे त्यांनी केलं की नाही, माहीत नाही.

कोपर

आठव्या आठवड्यात उजव्या कोपराच्या आतल्या हाडाशी दुखू लागलं. बार घट्ट पकडायला लावणाऱ्या स्नायूंचे टेंडन तिथे जोडलेले असतात. पूर्ण जोर, एकच कोन, एकच पकड, आठवड्यातून तीनदा. आश्चर्य नव्हतं. कारण मीच दिलं होतं.

इथे एक मोह झाला. २०१५ मध्ये गुडघ्याच्या टेंडनच्या दुखण्यावर एक गाजलेला प्रयोग झाला. ४५ सेकंदांचे पाच जोरकस होल्ड केल्यावर व्हॉलीबॉलपटूंचं दुखणं लगेच उतरलं आणि पाऊण तास तसंच राहिलं. तेव्हापासून कुठल्याही टेंडनला ४५ सेकंद धरा, असं लोक सर्रास सांगतात. पण त्या प्रयोगात खेळाडू होते सहा, पुढच्या अभ्यासांत असा परिणाम सगळ्यांना दिसला नाही, आणि कोपर म्हणजे गुडघा नव्हे. मी साधी वाट धरली. तीनऐवजी दोन दिवस. बारवर दोन दोर टाकून तळवे समोरासमोर येतील अशी पकड. साखळी चालू, पण जोर तीनचतुर्थांश.

दोर पाहून तो म्हणाला, "आमच्या शाळेत दोरीचा मल्लखांब होता." त्याने केला होता का? नाही, तो आला त्याच वर्षी सर बदलून गेले. मला वाईट वाटलं. मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या पहिलवानांचं आव्हान घेण्याआधी ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले आणि तिथे त्यांना ही विद्या मिळाली, अशी आख्यायिका आहे. हा मुलगा त्या गडाच्या रस्त्यावरचा. मल्लखांबावरची पकड, लाकडाला मांड्यांनी आवळून स्थिर राहणं, हे सगळं आयसोमेट्रिकच आहे, आणि त्यात कोन सतत बदलत राहतो. आमच्या साखळीत नेमकं तेच नव्हतं.

दोन आठवड्यांत दुखणं विसरण्याइतकं कमी झालं.

आकडे पुन्हा

अकराव्या आठवड्यात काटा परत मागून आणला. वजन ६० किलो. खालच्या कोनात ३३, म्हणजे जवळपास तेवढाच. वर २०, तोही तेवढाच. मध्ये २१.

मधल्या कोनात अकराचे एकवीस. ६० किलोच्या अंगाला ८१ चा जोर, म्हणजे प्रत्येक बीमला आता ८५ ऐवजी ७४ टक्के. बीम नऊ, स्वच्छ, झटक्याशिवाय. व्हिडिओत कपाळापाशी थांबणं दिसत नव्हतं.

हे सगळं साखळीने झालं असं मी म्हणणार नाही. किलोभर वजन उतरलं होतं. रोजची दमणूक थांबली होती. आणि साखळीवर सराव करणारा साखळीवरच्या चाचणीत चांगला येणारच, कारण जोर कसा लावायचा ही कलाही तो शिकतो. वाढीतला काही भाग त्या कलेचा आहे. पण वरचे आणि खालचे आकडे जागेवर राहिले आणि फक्त मधला हलला, याचं दुसरं कारण मला सापडत नाही. आणि पहिल्या चार आठवड्यांत तीच विश्रांती असूनही एकच बीम वाढला होता.

शेवटचा आठवडा मी साखळी काढून टाकली. दिवसाआड चार-पाच बीम, बाकी झोप.

चाचणीच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाजावरून कळेना.

"नऊ झाले सर."

तेहेतीस गुण. मी विचारलं, दहावा कुठे अडला? कपाळाशी?

"नाही सर. कपाळ गेलं वर. हनुवटी बारला टेकली, पण वरून गेलीच नाही."

मी वहीत शेवटचे आकडे पाहिले. मध्ये २१, वर २०.